लाल आलेले ३१ पदार्थ: उशिरा होणारी ॲलर्जी, रक्ताचा रिपोर्ट आणि वही

प्रश्न: मी चोपडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ३९. तीन वर्षांपासून पोट फुगतं, गॅस होतो, संध्याकाळी डोकं धरतं, अधूनमधून अंगावर पित्त उठतं. एका शिबिरात रक्त देऊन २२० पदार्थांची ‘उशिरा होणाऱ्या ॲलर्जीची’ तपासणी केली. त्यात ३१ पदार्थ लाल आले: गहू, दूध, शेंगदाणे, वांगी, उडीद, केळी, लसूण, तीळ वगैरे. चार महिने सगळं बंद केलं आहे. त्रास निम्मा झाला, पण वजन ७ किलो उतरलं. सहा वर्षांच्या मुलाचंही शाळेत जाताना पोट दुखतं, त्याचीही हीच तपासणी करून घेऊ का? आणि श्रावणात घरी कानबाई देवी बसते, तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट असतात, ते खाल्ले तर चालतील का?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी वजनाचं बोलू. चार महिन्यांत ७ किलो उतरले म्हणजे पथ्य लागू पडलं, असं मी मानत नाही. केवळ कमी खाल्ल्यामुळे ते उतरलं असण्याची शक्यताच जास्त आहे. तरीही कोणीतरी तुम्हाला टेबलावर झोपवून पोट हाताने तपासलं पाहिजे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ बघितलं पाहिजे, आणि ते याच आठवड्यात. आपल्या भागात आतड्याचा टीबी अजून दिसतो, जंत दिसतात, थायरॉइड तर घरोघरी आहे. यातलं काहीही त्या २२० पदार्थांच्या तक्त्यात उमटत नाही. शौचातून रक्त जाणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कळा, बारीक ताप, गिळताना घास अडकणं, यांतलं एक जरी असेल तरी पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टर गाठा.

आता रिपोर्ट. तुमच्या लाल यादीतली नावं वाचत गेलो तेव्हा एखाद्या खान्देशी घरातलं आठवडाभराचं जेवणच वाचतोय असं वाटलं. गव्हाची पोळी, कळण्याच्या भाकरीतले उडीद, भरिताची वांगी, शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी, दारातली केळी. तुम्ही जे रोज खाता तेच लाल आलं आहे, आणि या तपासणीत बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं.

शिबिरात केलेली तपासणी आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची असते. प्रतिपिंड म्हणजे बाहेरून आलेल्या गोष्टी ओळखण्यासाठी शरीर रक्तात तयार करतं ती प्रथिनं. अन्न पोटात गेलं की त्याचे अगदी थोडे अंश रक्तात येतात आणि शरीर त्यांची नोंद करून ठेवतं. ती नोंद म्हणजे आयजीजी. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हजेरीपटाचंच उदाहरण देतो. हजेरीपटावर ज्याचं नाव रोज येतं तो मुलगा वर्गात नियमित येतो एवढंच त्यावरून कळतं. तो वर्गात त्रास देतो का, हे हजेरीपट सांगत नाही. उलट, ज्यांना दुधाची किंवा शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असते अशा मुलांना मोठ्या रुग्णालयांत तोच पदार्थ कणाकणाने वाढवत देऊन सवय लावतात, तेव्हा त्यांच्या रक्तातलं आयजीजी-४, म्हणजे आयजीजीचाच एक प्रकार, वाढत जातं. म्हणजे हा आकडा अन्न पचनी पडत असल्याच्या बाजूनेच बोलतो. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये, अमेरिकेतल्या संघटनेने २०१० मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये लेखी सांगितलं आहे की अन्नाचा त्रास शोधण्यासाठी ही तपासणी वापरू नये. केस पाठवून, हातात धातूची कांडी धरून किंवा दंडाची ताकद बघून ॲलर्जी सांगतात, त्यालाही आधार नाही.

दुसरा प्रतिपिंड आयजीई. झटपट होणारी खरी ॲलर्जी त्याच्यामुळे होते. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, उलट्या होतात, श्वास लागतो. त्याची तपासणी रक्तातून किंवा त्वचेवर थेंब टोचून होते आणि ती उपयोगी आहे, पण तशी हकिकत असेल तरच. हकिकत नसताना उगाच पन्नास पदार्थांचं आयजीई तपासलं तर त्यातही चारदोन आकडे वर दिसतात आणि माणूस विनाकारण घाबरतो. तुम्ही जे लिहिलं आहे त्यात अशी हकिकत मला दिसत नाही. कधी खाल्ल्याबरोबर घसा आवळला, आवाज बसला, चक्कर येऊन पडलात असं झालं असेल तर मात्र खाली सांगितलेला कोणताही प्रयोग घरी करू नका. अशा वेळी १०८ लावायचा आणि दवाखान्यात मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं. पित्ताची गोळी किंवा कोकमाचं पाणी घेऊन वाट बघण्यात जीव जाऊ शकतो.

मग तुम्ही विचाराल, त्रास निम्मा झाला तो कसा? तो झाला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गहू बंद केलात त्याबरोबर शाळेतल्या मधल्या सुट्टीची बिस्किटं, खारी, पाव, मैद्याची शंकरपाळी गेली. शेंगदाणे आणि लसूण बंद म्हणजे हॉटेलातली तेलाचा तवंग आलेली शेवभाजी गेली. दूध गेलं म्हणजे चहा कमी झाला. जेवण आटोपशीर झालं. यातल्या दोनतीन गोष्टींनी तुमचं पोट हलकं झालं, आणि बाकीचे अठ्ठावीस पदार्थ विनाकारण शिक्षा भोगत आहेत. कोणत्या दोनतीन, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

‘उशिरा होणारा त्रास’ ही कल्पना खोटी नाही. फक्त तो एकच आजार नाही आणि त्यासाठी एकच तपासणी नाही. तान्ह्या बाळाला डब्याचं दूध किंवा पहिल्यांदा भाताची पेज दिली आणि एक ते चार तासांनी ते सारखं ओकून पांढरंफटक पडलं, असा एक प्रकार असतो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, तेव्हा आईने गाईम्हशीचं दूध बंद केलं की बहुतेक वेळा एकदोन आठवड्यांत ते थांबतं. मोठ्या माणसाचा घास वारंवार छातीत अडकतो, दुर्बीण घालून अन्ननलिकेचा तुकडा तपासला की त्यात इओसिनोफिल नावाच्या, ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. आणखी एक विरळा प्रकार म्हणजे गव्हाचं जेवण करून लगेच कष्टाचं काम केलं तरच रिॲक्शन येते. दुपारी बट्टी खाऊन विसावा घेतला तर काही नाही, पण तेच खाऊन फवारणीचा पंप पाठीवर घेतला की अंगभर गांधी आणि चक्कर. अशा माणसाची हकिकत नीट ऐकली नाही तर दोष औषधाच्या वासाला दिला जातो.

पण आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा उशिराचा आजार म्हणजे सिलिॲक. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. याला ॲलर्जी म्हणत नाहीत, शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. पंजाब-हरियाणाकडे हा जास्त, पण खान्देशातही पोळी रोजची झाल्यापासून आम्हाला तो शोधावा लागतो. त्याची रक्ततपासणी स्वस्त आणि चांगली आहे, टीटीजी-आयजीए नावाच्या प्रतिपिंडाची, आणि सोबत एकूण आयजीए. अडचण एकच. ती करताना माणूस गहू खात असला पाहिजे. गहू बंद असेल तर आकडा हळूहळू खाली येतो आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. तुमचं नेमकं हेच झालं आहे. शिबिरवाल्यांनी गहू बंद करायला सांगून खऱ्या तपासणीची वाटच बुजवली, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्याकडे धुळ्याजवळच्या एका गावातली नऊ वर्षांची मुलगी आली होती. वर्गात सगळ्यात बुटकी, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या, लोहाच्या बाटल्या संपवूनही हिमोग्लोबिन ७ च्या वर जात नव्हतं. कोणीतरी आधीच पोळी बंद करून पाहिली होती, म्हणून रिपोर्ट काठावर आला. आम्ही सहा आठवडे रोज दोन वेळा पोळी खायला लावली. आईला ते फार जड गेलं, पोरीला मीच आजारी पाडतेय असं ती म्हणायची. मग टीटीजी प्रचंड वाढलेलं आलं, दुर्बिणीतून तुकडा घेतला आणि निदान पक्कं झालं.

त्यानंतर पोळी बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालू. तीन महिने झाले तरी पोरगी सुधारेना. आईने विचारलं, ‘साहेब, घरात गव्हाचा कण नाही, मग?’ मी विचारलं, दळण कुठे? गावातल्या गिरणीत. ज्वारीच्या आधी कोणाचं? अर्थातच गव्हाचं. गिरणीच्या दगडांत आणि कापडी नळीत मागच्या दळणाचं पाव-अर्धा किलो पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. दुसरं हिंगाचं. बाजारातल्या डबीतला बांधानी हिंग मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात कालवलेला असतो, आणि त्यांच्या डबीवर मैदा लिहिलेला होता. त्या बाईंनी बचत गटातून कर्ज काढून घरघंटी घेतली, हिंगाची डबी बदलली. वर्षभरात मुलगी साडेसात सेंटिमीटर वाढली. माझ्या दवाखान्यातल्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत.

सिलिॲक गव्हामुळे होतो हे कळलं, ती गोष्टही तुम्हाला सांगण्यासारखी आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना. सगळी मुलं वाळत होती, तेव्हा सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. आणि पुन्हा पाव मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. पाव गेल्यावर बरं वाटणं हा अर्धाच पुरावा होता. पाव परतल्यावर आजार परतला तेव्हा तो पूर्ण झाला. अन्नाचा त्रास शोधण्याची पद्धत आजही हीच आहे: थांबवा, वाट बघा, परत द्या. तिसरी पायरी गाळली की पहिल्या दोन पायऱ्यांना अर्थ राहत नाही. शिबिराच्या कागदावर तिसरी पायरी नव्हती.

म्हणून तुम्ही असं करा. आधी ज्यांच्यावर माझा काहीच संशय नाही ते पदार्थ परत आणा. शेंगदाणे, तीळ, वांगी. हे तुम्ही जन्मभर खाल्ले आहेत आणि खाल्ल्याबरोबर त्रास झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या दिवशी चमचाभर कूट, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मा, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग पुढचा पदार्थ. वांग्याने कोणाकोणाच्या तोंडाला, घशाला खाज सुटते. तेवढंच होत असेल तर वांगं सोडा, बाकीच्या यादीला त्याची शिक्षा नको.

त्याच वेळी गहू सुरू करा. रोज दोन्ही वेळच्या जेवणात एकेक पोळी, सलग सहा आठवडे, आणि मग टीटीजी-आयजीए. पोट थोडं फुगेल, ते सोसण्यासारखं असेल तर सोसा. अगदीच असह्य झालं तर पोटविकारतज्ज्ञांना भेटा. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या जनुकांची एक रक्ततपासणी आहे, तिला गहू खाण्याची अट नाही. ती दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असं धरता येतं. असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी माणसांतही भरपूर सापडतात.

आणि आजपासून वही घाला. मोबाइलमध्ये नको, शंभर पानी वही आणि पेन. तीन रकाने: वेळ, काय आणि किती, काय वाटलं. पाळीची तारीख, झोप, शाळेतली परीक्षा, निवडणुकीचं काम, घेतलेली गोळी, हेही लिहा.

वहीत काय सापडतं ते सांगतो. अमळनेरकडचे एक काका यायचे. एकच वाक्य: ‘पोळी खादी का पोट फुगी जास.’ गव्हाने आपलं वाटोळं केलं अशी त्यांची खात्री होती. दोन आठवडे वही लिहायला लावली. सुनेने सुवाच्य अक्षरात लिहिली होती. त्यातलं एक पान मी जपून ठेवलं आहे: ‘६ वाजता चहा. ७ वाजता चहा, खारी २. ९ वाजता भाकर, ठेचा. साडेदहाला चहा, पारावर. १ वाजता पोळ्या ३, तुरीची डाळ, कच्चा कांदा. ३ वाजता चहा. ४ वाजता पोट टम्म. ५ वाजता चहा. ७ वाजता चहा, पाहुणे. ९ वाजता भाकर, दूध १ पेला.’ चहा घरच्या म्हशीच्या दुधाचा, नुसत्या दुधात उकळलेला. मी बेरीज केली तर दिवसाला पाऊण लिटर दूध पोटात जात होतं आणि त्यांना दूध पिण्याची सवय नाही असं ते शपथेवर सांगत होते. दोन आठवडे दूध आणि चहा थांबवला, ताक-दही-तूप चालू ठेवलं, पोळी तर तशीच चालू. पोट बसलं. मग एका सकाळी उपाशीपोटी पेलाभर दूध दिलं. दोन तासांत गुरगुर सुरू झाली ती शेजारच्या खुर्चीवर मलाही ऐकू आली.

ही ॲलर्जी नव्हे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती तोडणारं पाचक द्रव्य बहुतेक माणसांत लहानपणानंतर कमी होत जातं. जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांचं असंच आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिचा वायू करतात. म्हणून त्रास लगेच होत नाही, तासादोन तासांनी होतो, आणि माणूस मधल्या जेवणाला दोष देतो. अशा बहुतेक लोकांना एक छोटा कप दूध चालतं, दही आणि ताक त्याहून बरं चालतं, तुपात तर लॅक्टोज नावापुरतंच. तेव्हा दूध सोसत नाही म्हणून दही-ताक सोडू नका. तुम्हीही काकांसारखंच दोन आठवडे करून बघा, पण गव्हाचे सहा आठवडे आणि तपासणी झाल्यावर. दोन प्रयोग एकत्र केले की कोणाचाच निकाल लागत नाही.

सिलिॲक नसेल, दुधाचाही निकाल लागला, आणि तरी पोट फुगतच असेल, तर मग तुमचं आतडं हळवं आहे असं धरून पुढचा प्रयोग. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात काही आंबणाऱ्या कर्बोदकांवर मोठं काम झालं आहे. फॉडमॅप हे त्याचं नाव. कांदा, लसूण, गहू, डाळी-कडधान्यं, दूध, काही फळं यांत ती असतात. दोन ते सहा आठवडे ती कमी करायची आणि मग एकेक परत आणायची. तिथल्या याद्या मात्र पाव, पास्ता, सफरचंदांच्या आहेत. आपल्या चुलीपाशी त्याचा अर्थ काय, हे मी गेली काही वर्षं रुग्णांबरोबर जुळवत आलोय.

भरीतच घ्या. हिवाळ्यात शेतात तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, पांढऱ्या-हिरवट लांब वांग्यांची भरीत पार्टी झाली आणि रात्रभर पोट फुगलं, की नाव वांग्याचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या दवाखान्यात मात्र त्याची बदनामीच जास्त होते. त्या भरितात लाकडी बडजीत ठेचलेला मूठभर लसूण असतो, कांद्याची पात असते, तेल असतं, सोबत तळलेल्या पुऱ्या असतात, आणि अशा पार्टीत कोणी मोजून खात नाही. वांगं या यादीत तसं निरुपद्रवी आहे, शेंगदाणेही. दोषी बहुतेक वेळा लसूण, कांद्याचा पांढरा भाग, आणि गव्हाच्या पुऱ्या. पातीचा हिरवा भाग सहसा बाधत नाही. लसणातलं जे फुगवतं ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून तेलात लसूण लालसर करायचा, पाकळ्या झाऱ्याने काढून टाकायच्या आणि त्या तेलात भरीत परतायचं. वास राहतो आणि पोटही शांत राहतं. पात हिरवीच घ्या, सोबत निव्वळ ज्वारीची भाकरी. कळण्याची भाकरी नंतरच्या टप्प्यात, कारण तिच्यात उडीद आहेत.

केळ्याचंही असंच. आपण जळगावची माणसं केळं ठिपके पडून मऊ झाल्याशिवाय खात नाही. तसं पिकल्यावर त्यातला हा आंबणारा भाग वाढतो. नुकतं पिवळं झालेलं, जरा घट्ट केळं बहुतेकांना सोसतं. फक्त केळं खाताना तोंडाला खाज सुटत असेल आणि रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनीही हात खाजत असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा आयजीईची तपासणी जरूर करा, आणि कोणतंही ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

डाळी रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात शिजवा. मुगाची डाळ आधी, तूर नंतर, हरभरा आणि बेसन सगळ्यात शेवटी. पाटोड्यांचा रस्सा म्हणजे बेसन, कांदा, लसूण एकत्र, त्यामुळे तो परीक्षेच्या शेवटच्या दिवशीच. आमरस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन वाट्या घेतला तर फुगवेल, दोन फोडी आंब्याच्या चालतील. यात ‘कधीच नाही’ असा पदार्थ जवळजवळ नसतो, माप असतं. तुमचं माप काय ते वहीत सापडेल. परत आणताना एका पदार्थाला तीन दिवस, रोज थोडं वाढवत. त्रास झाला तर थांबा, पोट शांत होऊ द्या, मग पुढचा. आणि हा आहार सहा आठवड्यांपलीकडे ओढू नका. शक्य असेल तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा, कारण तुमचं वजन आधीच उतरलेलं आहे.

अंगावर पित्त उठण्याचं थोडक्यात सांगतो. सहा आठवड्यांहून जास्त काळ येतंजातं अशा गांधींचं कारण बहुतेक वेळा अन्न नसतंच. त्या आतूनच उठतात, एकेक गांध दिवसभरात विरते, आणि झोप न आणणाऱ्या ॲलर्जीविरोधी गोळ्या नियमित घेतल्या की आटोक्यात राहतात. डोकेदुखीसाठी तुम्ही डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत असाल तर त्यांनी गांधी वाढतात, हे मात्र तपासा. आणि संध्याकाळची डोकेदुखी: सकाळी चहावर निघून दुपारी दीडला डबा उघडत असाल तर उपाशी राहणं हेच अर्धशिशीचं मोठं कारण आहे. वहीतल्या ‘वेळ’ या रकान्यात ते दिसेल.

मुलाची ही तपासणी कृपा करून करू नका. हे मी आर्जवाने सांगतोय. त्यात दूध, गहू, शेंगदाणे लाल येतील, तुम्ही ते काढून घ्याल, आणि वाढीच्या वयात त्याच्या ताटात काय उरेल? शिवाय लहान मुलांत विनाकारण टाळलेलं अन्न पुढे खरी ॲलर्जी होऊन उलटू शकतं. ब्रिटनमध्ये ६४० तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त होता अशा बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा चारायला सुरुवात केली, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. आपल्या आज्या बाळाच्या मऊ भातात कूट कालवायच्या, ते योग्यच होतं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.

तुमच्या मुलाबद्दल मला वेगळे प्रश्न पडतात. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याचं पोट दुखतं का? रोज शौचाला होते का, खडे पडतात का? शाळेतल्या शौचालयात तो जातो का, की घरी येईपर्यंत दाबून धरतो? वर्गात कोणाची भीती आहे का? सहा वर्षांच्या मुलाचं पोट काळजीनेही खरोखर दुखतं, तो सोंग करत नाही. सकाळी वीस मिनिटं लवकर उठवून न्याहारी द्या, नंतर दहा मिनिटं निवांत शौचाला बसवा, पायाखाली पाट ठेवा. वजन आणि उंची अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मोजून घ्या. वाढ खुंटली असेल, रात्री दुखून उठत असेल, रक्त जात असेल तर मात्र लगेच दाखवा. आणि तुम्हाला सिलिॲक निघाला तर त्याचीही टीटीजी करावी लागेल, कारण हा आजार घराण्यात चालतो.

राहिले कानबाईचे रोट. ते भाऊबंदांनीच संपवायचे असतात, आणि सुनेने रोटाला हात लावला नाही तर घरात काय बोललं जातं ते मी जाणून आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आजच गहू सुरू केलात तर त्याआधी सहा आठवडे होतात का, हे कॅलेंडरवर बघा. होत असतील तर रोटाच्या आधी रिपोर्ट हातात असेल. होत नसतील तरीही रोट खा, कारण तपासणी होईपर्यंत तुम्हाला गहू खायचाच आहे, आणि रोट गव्हाचाच असतो. तपासणी नॉर्मल आली तर पुढच्या वर्षीही खा, फक्त एका बैठकीत थोडा. सिलिॲक निघाला तर मात्र प्रसादाचा कणही नको. तेव्हा सासूबाईंना घेऊन माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे या. त्यांना समोर बसवून रिपोर्ट दाखवला आणि तांदळाची खीर वेगळ्या पातेल्यात कशी करायची ते ठरवलं, की त्या स्वतःच तुमच्या ताटावर लक्ष ठेवतात, असा माझा अनुभव आहे. येताना ते रंगीत कागद आणू नका, वही आणा.